एकट्या कुडीचा चतुर

एक चित्र संपलं आणि दुसरं सुचत नाही, अशा मधल्या दिवसांत मी जुन्या दागिन्यांचा डबा उघडते. जोडीदार हरवलेली मोत्याची कुडी, तुटलेली माळ, खडे पडलेलं पेंडंट. (आधी सराफाला दाखवून घ्या, आजीच्या डब्यात खरं सोनंही निघतं!) त्यातून खिडकीत टांगायला चतुर (लांब शेपटीचा, चार पंखांचा तो कीटक) झकास होतो. अर्धा मिलिमीटर जाडीची तांब्याची तार दुमडून तिच्यात मोठ्यापासून लहानापर्यंत सात-आठ मणी ओवा, झाली शेपटी. कुडीचं डोकं, पानाच्या आकाराच्या चार लोलकांचे पंख. पंख शक्यतो तारेनेच बांधा. चिकटवायचेच असतील तर दोन ट्यूबवालं इपॉक्सी समप्रमाणात कालवून लावा आणि 24 तास हात लावू नका. इन्स्टंट ग्लू मात्र नको. त्याच्या वाफेने मोत्यांवर, खड्यांवर पांढुरकी झाक येते आणि ती निघता निघत नाही. नकली मोती भिजवूही नका, वरचा मुलामा सुटतो. कोरड्या मऊ ब्रशने झटकले की पुरे. माझ्या एका चतुराचे डोळे दोन रंगांचे आहेत. मुद्दाम नाही, तेवढेच खडे उरले होते.