सिम्पसन वाळवंट गाडीने पार कसे करावे

ऑस्ट्रेलियातल्या सिम्पसन वाळवंटात वाळूच्या ११०० हून जास्त समांतर टेकड्या आहेत. पश्चिमेकडच्या माउंट डेअरहून पूर्वेकडच्या बर्ड्सव्हिल गावाला जायचं तर त्या एकामागून एक चढाव्या लागतात. वाटेत सुमारे ५०० किलोमीटर इंधन मिळत नाही, मोबाइलला रेंजही नसते. गाडी फोर व्हील ड्राइव्हच हवी, पण इथे खरं काम टायरमधल्या हवेचं असतं.

१. मे ते ऑगस्ट हा काळ धरा. दिवसा हवा छान असते, रात्री मात्र पारा शून्याजवळ जातो, त्यामुळे जाड स्लीपिंग बॅग घ्या. तिथल्या उन्हाळ्यात, १ डिसेंबर ते १५ मार्च, वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान बंद असतं. साउथ ऑस्ट्रेलियाच्या भागासाठी डेझर्ट पार्क्स पास (प्रवेशाचा परवाना) आधीच काढा.

२. भरलेली डिझेल गाडी वाळूत १०० किलोमीटरला २० लिटर सहज पिते, कधी २५. टाकी आणि कॅन मिळून १५० लिटर तरी हवं. पाणी माणशी रोज १० लिटर. ते दोन-तीन भांड्यांत विभागून ठेवा, म्हणजे एक फुटलं तरी सगळं जाणार नाही. सॅटेलाइट फोन हवाच. ट्रेलर घरी ठेवा.

३. गाडीला जमिनीपासून ३.५ मीटर उंचीवर झेंडा लावा आणि यूएचएफ रेडिओ (गाड्यांनी आपसात बोलायचा बिनतारी संच) चॅनल १० वर ठेवा. माथ्यापलीकडून येणारी गाडी दिसत नाही. आधी तिचा झेंडा दिसतो.

४. पश्चिमेकडून पूर्वेकडे जा. टेकड्यांचा पूर्व उतार जास्त उभा असतो, म्हणून उलट दिशेने चढणं जड जातं.

५. वाळू लागली की टायर थंड असताना हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, फारच भुसभुशीत असेल तर १६. टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर विभागलं जातं. चढावरचे ते कुप्रसिद्ध खड्डे बहुतेक करून पुरेशी हवा न काढता घुसणाऱ्यांनी पाडलेले असतात: चाक घसरतं, वाळू उडते, मागच्याला उसळ्या. कमी हवेवर जोरात वळू मात्र नका, टायर रिममधून निसटतो.

६. चढाला लो रेंजमध्ये (फोर व्हील ड्राइव्हचा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर संच) दुसरा किंवा तिसरा गिअर पायथ्याशीच टाका, वेग एकसारखा ठेवा, माथ्याजवळ पाय सैल करा. मध्येच गाडी थांबली तर लगेच रिव्हर्स टाकून आलेल्याच चाकोरीतून सरळ खाली या. तिथे वळवायला गेलात तर आडवी होईल.

रुतली तर? अॅक्सिलरेटर दाबत राहू नका, अॅक्सल वाळूवर टेकेल. चाकांपुढची वाळू फावड्याने काढा, हवा आणखी दोन पीएसआय कमी करा, रिकव्हरी बोर्ड (चाकाला पकड देणारी खाचांची फळी) चाकाखाली सरकवा. ओढायचा पट्टा टो बॉलला (ट्रेलर जोडायचा गाडीमागचा गोळा) कधीच अडकवू नका. बॉल तुटला तर गोळीसारखा सुटतो.

रोज थांबल्यावर गाडीखाली वाकून बघा. स्पिनिफेक्स गवत एक्झॉस्टभोवती साचून पेट घेतं, पेट्रोल गाड्यांत जास्तच. त्याचं बी रेडिएटरवरही बसतं आणि इंजिन तापतं. पुढे जाळी बांधा. तंबू टेकड्यांमधल्या सपाट जागी लावा. सरपण तिथे गोळा करायचं नाही, स्वयंपाक गॅसवर.

बर्ड्सव्हिलच्या ३५ किलोमीटर अलीकडे शेवटची आणि सर्वांत उंच टेकडी, सुमारे ४० मीटरची बिग रेड. हिच्यावर एकदा जमलं नाही तर मागे येऊन हवा आणखी थोडी काढा. तिच्यापुढे खडीचा रस्ता लागतो. वेग वाढवण्याआधी कॉम्प्रेसरने टायर पुन्हा भरून घ्या.