जन्म-मृत्यूची स्थानिक यादी करताना आडनावावर जाऊ नका

एखाद्या गावात किंवा शहरात कोण जन्मले आणि कोण वारले याची यादी करताना पहिले काम हद्द ठरवण्याचे. पणजीची यादी म्हणजे महापालिकेची हद्द, असे ठरवले तर रायबंदर आत येते आणि बांबोळी बाहेर राहते. गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) इस्पितळ बांबोळीत आहे, त्यामुळे पणजीकराचा मृत्यू तिथे झाला तर मृत्युस्थळ बांबोळीच लिहायचे. जुन्या कागदावर ‘नोवा गोवा’ दिसले तर लगेच पणजी लिहू नका. १८४३ पासून या नावात पणजी, रायबंदर आणि जुने गोवे ही तिन्ही ठिकाणे मोडत होती.

वहीत सात रकाने आखा: नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, मृत्युतारीख, मृत्युस्थळ, मूळ गाव, आधार. मूळ गावाचा रकाना वेगळा ठेवाच, कारण आपल्याकडे आडनाव गावावरून पडते आणि बहुतेक चुका तिथूनच येतात. कोकणी लेखक शणै गोंयबाब आडनावाने वालावलीकर, पण जन्म डिचोलीचा (१८७७) आणि मृत्यू मुंबईत (१९४६). दीनानाथ मंगेशकर मंगेशीत जन्मले (१९००), म्हणून ते मंगेशीच्या यादीत येतात; लताबाईंचा जन्म इंदूरचा (१९२९), त्या येत नाहीत. मनोहर पर्रीकरांचे जन्मस्थळ म्हापसा (१९५५), आडनावातले पर्रा गाव नव्हे.

बाळंतपण माहेरी होत असे, हेही विसरू नये. संत जोसेफ वाझ यांचे घराणे सांकवाळचे, तरी जन्म आईच्या गावी, बाणावलीत (१६५१).

गावाच्या नावापुढे तालुका लिहा. गायिका केसरबाई केरकर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. याच नावाचे गाव सत्तरीत आहे, पेडण्यातही आहे. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले, तरी नोंद ‘कुर्डी, सांगे’ अशीच करावी. गावकऱ्यांच्या पुनर्वसनाच्या नव्या वसाहतीचे नाव घालू नये.

जन्म आणि मृत्यू या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा लोटली गावाच्या मृत्यूच्या यादीत येतात (२०११), जन्माच्या नाही. त्यांचा जन्म दमणचा (१९२६). पोर्तुगीज संसदेतले गोव्याचे प्रतिनिधी फ्रान्सिस्को लुईस गोमिश नावेलीत जन्मले (१८२९) आणि १८६९ साली जहाजावर वारले. तिथे ‘समुद्रप्रवासात’ लिहा, जवळचे बंदर शोधत बसू नका. समाधी किंवा पुतळा हा मृत्युस्थळाचा पुरावा धरू नये. सेंट झेवियरचे शव जुन्या गोव्यात असले, तरी मरण चीनजवळच्या बेटावर आले (१५५२).

तारखांसाठी आधी तालुक्याच्या नोंदणी कार्यालयातला दाखला पाहा. चर्चच्या वहीत बहुधा बाप्तिस्म्याची तारीख ठळक असते, जन्माची तिच्या आधीची. नोंद पूर्ण वाचल्याशिवाय उतरवू नका. पणजीत पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे चाळताना निधनवार्तेच्या अंकाची तारीख मृत्यूची समजू नका. बातमी एक-दोन दिवस मागाहून छापलेली असते. दोन आधार जुळले नाहीत तर दोन्ही तारखा लिहा आणि ‘आधार’ रकान्यात कोणती कुठून घेतली ते नोंदवा.