पिंगळा आणि रानपिंगळा: तुलना कशी लिहावी

दोन पक्ष्यांची तुलना करायला सांगितलं की नववीतली निम्मी मुलं मोर आणि कावळा घेऊन येतात. वही भरते, पण हाती काही लागत नाही. जोडी जवळच्या नात्यातली घ्या. मी पिंगळा आणि रानपिंगळा ही दोन छोटी घुबडं देते.

वर्गीकरण दोन ओळींत उरकतं. गण, कुल, प्रजाती सगळं सारखं, फक्त जाती वेगळी: पिंगळा अथीनी ब्रामा, रानपिंगळा अथीनी ब्लेविटी. जुन्या पुस्तकांत रानपिंगळ्याची प्रजाती हेटेरोग्लॉक्स दिसेल. २०१८च्या जनुकीय अभ्यासानंतर तो अथीनीत आला. म्हणून नावासोबत पुस्तकाचं सालही टिपून ठेवा.

ओळखताना आधी डोकं बघा. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक, रानपिंगळ्याच्या जवळजवळ नाहीतच. मग छाती: रानपिंगळ्याची एकसंध तपकिरी, पोटाखाली पांढरी. पायांवरही दाट पांढरी पिसं. आकारावर विसंबू नका, फरक फार थोडा आहे.

खरा वेळ अधिवासाला द्या. नुसतं 'जंगल' लिहिलं तर मी गुण कापते. कोणतं जंगल? रानपिंगळ्याला सागाचं, पानगळीचं रान लागतं: तोरणमाळ, यावल, मेळघाट, तानसा. पिंगळ्याला गावातला वड, आंब्याची ढोली, पडक्या वाड्याच्या भिंतीतलं भोकही चालतं. संवर्धनस्थितीचं उत्तर इथेच सापडतं. माणूस वाढला तरी पिंगळ्याचं भागतं. साग तुटला, शेती आत सरकली की रानपिंगळ्याला जायला जागा नाही.

आता स्थिती. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत पिंगळा 'किमान चिंता' गटात, रानपिंगळा 'संकटग्रस्त'. १८८४ नंतर रानपिंगळ्याचा एकही खात्रीचा नमुना नव्हता. मधल्या काळातला, मायनर्ट्झहागन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाचा नमुना संग्रहालयातून चोरलेला निघाला! नोव्हेंबर १९९७मध्ये अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना रानपिंगळा शहाद्याजवळ दिसला. आधी तो 'अतिसंकटग्रस्त' होता, २०१८मध्ये एक पायरी खाली आला. त्यावरून 'संख्या वाढली' असं लिहून मोकळे होऊ नका. तो आणखी काही ठिकाणी आढळला, हे त्यामागचं मोठं कारण. गट बदलला की कशामुळे बदलला, तेही लिहायचं.

रानपिंगळा रानात प्रत्यक्ष बघायला गेलात तर मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका. हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो पिल्लांना सोडून धावतो. तो दिवसाही हिंडतो, निष्पर्ण फांदीच्या टोकावर बसतो. दुर्बीण घेऊन थांबलात तरी पुरे.