तळ्याच्या सुशोभीकरणात नागरिकांकडून हमखास होणाऱ्या चुका

नगरपालिकेच्या बांधकाम विभागात मी अठ्ठावीस वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर काही गावांतल्या तळे बचाव समित्यांच्या बैठकांनाही बसलो. तळ्याच्या कामात कंत्राटदार जेवढे बिघडवतो, त्यातले निम्मे तरी आपण उशिरा जागे झाल्यामुळे बिघडते, अशी माझी आता खात्री झाली आहे.

कुदळ पडल्यावर जागे होणे

अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश आणि त्यानंतर नारळ असा कामाचा क्रम असतो. बहुतेक समित्यांची पहिली बैठक मात्र नारळ फुटल्यानंतरच्या रविवारी भरते. तोवर भिंतीची लांबी, पेव्हर ब्लॉकचे क्षेत्रफळ आणि कारंज्याचा पंप हे सगळे कागदावर गोठलेले असते. म्हणून विषय सर्वसाधारण सभेपुढे येतो त्याच आठवड्यात मी नकाशा आणि अंदाजपत्रक मागतो. सरळ मागून मिळाले नाही, तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करतो आणि तीस दिवसांची मुदत मोजू लागतो. माहिती अधिकार कायद्यानुसार केवळ कागदाच्या प्रतीच नव्हे, तर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, हे समितीतल्या वकिलांनाही अनेकदा सांगावे लागते.

नकाशात बाके कुठे आहेत हे न पाहता पाणी कुठून येते आणि कुठून जाते हे आधी पाहावे. हे न पाहिल्याने काय होते, याचा धडा मी स्वतःच घेतलेला आहे.

सांडवा अडवणे

एका तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ अभियंता असताना तिथल्या संस्थानकालीन तळ्याच्या बांधावर चालण्याचा मार्ग करायचे ठरले. बांधाच्या एका टोकाला सहा मीटर रुंदीचा दगडी सांडवा, म्हणजे तळे भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, होता आणि तिथे आठ पायऱ्या उतरून पुन्हा चढावे लागत असे. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी, ज्यांत गावातले दोन निवृत्त मुख्याध्यापकही होते, मार्ग सलग हवा असे निवेदन दिले. त्यांचे गुडघे दुखत होते आणि मागणी मलाही रास्त वाटली. सांडव्यावर भराव घालून खाली ९०० मिलिमीटर व्यासाचे दोन पाइप टाकावेत, असा नकाशा मीच काढला. उन्हाळ्यात ते काम इतके देखणे दिसले की वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

जुलैमध्ये एका रात्री वरच्या ओढ्याला पूर आला, तळ्यातली जलपर्णी वाहत येऊन दोन्ही पाइपांच्या तोंडाशी घट्ट बसली आणि पाणी मागे फिरून वरच्या गल्लीतल्या अकरा घरांत शिरले. पहाटे तीन वाजता जेसीबी लावून आम्ही तो मार्ग फोडला. ज्या बाईंच्या घरात गुडघाभर पाणी होते, त्यांनी मला एवढेच विचारले, “साहेब, पूर्वी तिथून पाणी जायचं ना?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

यामागचा हिशेब अवघड नाही. सांडव्यावरून वाहणारे पाणी रुंदीच्या सरळ प्रमाणात आणि त्यावरील पाण्याच्या उंचीच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते. रुंदी निम्मी केली तर तेवढेच पाणी जाण्यासाठी उंची सुमारे १.६ पट लागते, म्हणजे पूर्वी ३० सेंटिमीटर उंचीने वाहणारे पाणी आता ४८ सेंटिमीटर उंचीने वाहते, आणि हे जास्तीचे १८ सेंटिमीटर काठावरच्या उंबऱ्यांपर्यंत पोहोचतात. तळे उन्हाळ्यात भरलेले दिसावे म्हणून सांडव्याची उंचीच वाढवण्याची मागणी त्याहून घातक असते. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून सखल वस्त्यांत पाणी शिरल्यानंतर सांडव्यापुढील बांधकामाचा प्रश्न थेट उच्च न्यायालयात गेला. लहान गावात ही वेळ आली तर न्यायालयापर्यंत जाण्याइतके बळही बहुधा कोणाकडे नसते.

माझी सवय साधी आहे. जुन्या घाटाच्या किंवा देवळाच्या दगडावर पुराची सर्वांत वरची खूण कोणती, हे काठावरच्या वृद्धांना आणि मासेमारी करणाऱ्यांना विचारायचे, तिथे तेलरंगाचा पट्टा ओढायचा आणि नव्या कामाच्या सगळ्या लेव्हल त्या पट्ट्याशी ताडून पाहायच्या. आजकालच्या उत्साही तरुणांना ड्रोनचे चित्रीकरण आधी हवे असते. ते सुंदर दिसते, पण त्यात सांडव्याची उंची कळत नाही.

बाकीच्या चुका

गाळ ट्रकच्या फेऱ्यांवर मोजू देऊ नये, कारण ओल्या गाळात पाणीही ब्रासच्या (शंभर घनफुटांच्या) भावाने विकले जाते. काढण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या तळाच्या लेव्हल मोजमाप पुस्तकात हव्यात.

सांडपाण्याचा नाला तळ्यात सुरू ठेवून कारंजे बसवणे ही पैशांची उधळपट्टी आहे.

काढलेल्या जलपर्णीचा ढीग काठावर ठेवला, तर पहिल्या पावसात ती परत पाण्यात जाते.

२०१७च्या पाणथळ नियमांतील, पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्के बांधकाम न करण्याची अट प्रत्येक निवेदनात डोळे झाकून लिहिली जाते. पण खास पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव त्या नियमांतून वगळलेले आहेत. आपले तळे कशासाठी बांधले याचा जुना कागद आधी शोधावा. नाहीतर पहिल्याच सुनावणीत समोरचा वकील तोच मुद्दा काढतो.

मासे मेले की लोक दुपारी बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत नेतात आणि अहवाल ‘प्राणवायू पुरेसा’ असा आला की पालिकेवर चिडतात. उन्हात शेवाळ प्राणवायू तयार करते आणि रात्रभर तोच वापरते, त्यामुळे सर्वांत वाईट वेळ पहाटेची असते. नमुना सूर्योदयापूर्वी, नाल्याच्या तोंडाशी आणि सांडव्याजवळ असा दोन ठिकाणी घ्यावा. प्राणवायूचे मोजमाप काठावरच मीटरने करावे आणि बाटलीवर वेळ लिहून साक्षीदाराची सही घ्यावी.