सबमिशन सांभाळून स्वतःची शॉर्ट फिल्म कशी पुरी करायची

सत्र सुरू झालं की सगळ्या विषयांच्या सबमिशनच्या तारखा एकाच कॅलेंडरवर मांडा आणि फिल्म उरलेल्या जागेत बसवा. मोजायचं शेवटाकडून: फिल्म ज्या दिवशी द्यायची, त्याआधी एक आठवडा साउंड मिक्स (सगळे आवाज एकत्र जुळवणं) आणि कलरला (चित्राचे रंग जुळवणं), त्याआधी तीन आठवडे एडिटला, त्याच्याही आधी शूट. विद्यार्थ्यांच्या फिल्म बहुधा शूटमध्ये अडत नाहीत. सेटवर सगळे वाट बघत असतात म्हणून शूट होतंच. एडिटला एकट्यानेच बसायचं असतं, त्यामुळे पहिला निबंध अंगावर आला की तेच पुढे ढकललं जातं. म्हणून एडिटचे तास टाइमटेबलात तासिकेसारखे लिहा, आठवड्यातून दोनदा तीन-तीन तास.

आता लांबी. नेहमीच्या मांडणीतलं पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. छोट्या, नवख्या क्रूकडून दिवसाला तीन पानं झाली तरी खूप. शूटला शनिवार-रविवारच मिळणार असतील, तर सहा पानांच्या पुढे जाऊ नका. पात्रं दोन-तीन, लोकेशन एकच. दुसरं लोकेशन आलं की सामान आवरा, हलवा, पुन्हा लायटिंग करा, यात दीड-दोन तास सहज जातात, आणि शेवटच्या सीनचे क्लोजअप घाईत उरकावे लागतात.

खरी बचत मात्र अभ्यासक्रमातूनच होते. लायटिंगच्या प्रॅक्टिकलला आपल्याच फिल्ममधला सीन घ्या. ध्वनीच्या असाइनमेंटसाठी त्याच खोलीचा आवाज रेकॉर्ड करा, पटकथेच्या वर्गात दुसरा ड्राफ्ट वाचून घ्या. शिक्षकांना आधी विचारा, कारण एकच काम दोन विषयांना दिलेलं बऱ्याच ठिकाणी चालत नाही. आणि असाइनमेंटची अट (‘एकच लाइट, संवाद नाही’) फिल्मला मानवत नसेल, तर ती चाचणी समजून वेगळी करा. मार्कांसाठी सीन वाकवला की तो दोन्हीकडे फसतो.

क्रू मिळतो तो अदलाबदलीने. तुम्ही ज्यांच्या सेटवर बूम (माइक लावलेली लांब काठी) धरलात, तेच तुमच्या सेटवर फोकस ओढायला (शॉट चालू असताना फोकस जुळवत राहायला) येतील. कोण कुणाकडे किती दिवस, हे सत्राच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात कुणालाच बोलावू नका. येतो म्हणणारे आयत्या वेळी गळतात.

शूटच्या दिवशी दोन गोष्टी हटकून राहतात. पहिली रूम टोन: लोकेशन सोडण्याआधी सगळ्यांना गप्प उभं करून निदान तीस सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. ते नसेल तर एडिटमध्ये संवादांच्या मधली रिकामी जागा कानाला खटकते, आणि ती झाकण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते. दुसरी गोष्ट डेटा. १०० मेगाबिट प्रतिसेकंदाने रेकॉर्डिंग केलं तर मिनिटाला ७५० मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५ जीबी. सहा मिनिटांच्या फिल्मसाठी दहापट फुटेज काढलं तर तासभर होतं. दोन प्रतींना ९० जीबी लागतील, दोन वेगळ्या ड्राइव्हवर, आणि प्रत्येक क्लिप उघडते का हे पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. कॉलेजचा कॅमेरा दुसऱ्या दिवशी परत द्यायचा असतो, म्हणून घाईत हेच टाळलं जातं. कॅमेरा परत करायचा दिवस शूटला धरूच नका.

शूटच्या आधीच पटकथेत एका सीनवर खूण करा: वेळ कमी पडला तर हा जाईल. सीन निवडताना तो काढूनही गोष्ट कळते का, एवढंच बघा. आवडीचा आहे की नाही ते बाजूला ठेवा. रफ कट (फिल्मची पहिली कच्ची जुळणी) ठरलेल्या तारखेला झाला नाही, तर नवी तारीख न घेता तो सीन काढून टाका. शूटनंतर दहा दिवसांनी अर्धा दिवस पिकअपसाठी, म्हणजे राहिलेले शॉट घेण्यासाठी, राखा. रफ कट बघितल्यावर एखादा इन्सर्ट (हात, वस्तू अशा तपशिलाचा जवळून घेतलेला शॉट) राहिलेला असतोच.