पहिल्या चिखलाआधी थारची तयारी
पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कच्च्या वाटेवर महिंद्राची थार न्यायची, तर गाडी उंच करणारं लिफ्ट किट राहू द्या. पहिला पैसा टायरवर घाला. झिजलेल्या खाचांत लाल माती गच्च बसते, चाक जागीच गरगरतं आणि चारही चाकांना जोर देणारी फोर बाय फोरसुद्धा हात टेकते. चिखलात शिरताना हवा 32 वरून 20-22 पीएसआयवर आणा. टायर पसरतो, पकड वाढते. फारच कमी केलीत तर वळणावर तो रिमवरून निसटतो. परत डांबरावर यायच्या आधी हवा भरायला बॅटरीला चिमटे लावून चालणारा पंप जवळ हवाच. रुतलेली गाडी ओढायचा पट्टा चासीच्या हुकालाच अडकवा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीच नाही: तो तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो, माणसं मेली आहेत. फोर-लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, गाडी थांबवून, न्यूट्रलमध्येच टाका. कोरड्या डांबरावर टू-हाय, म्हणजे दोनच चाकांना जोर.