कोकणातून व्यावसायिक एमएमएकडे: पट, वजन, कातडी आणि करार

एमएमएत, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये, पहिली व्यावसायिक लढत मिळवणं अवघड नाही. ती फार लवकर मिळते, हीच खरी अडचण आहे. आयोजकाला कार्ड, म्हणजे त्या दिवशीच्या लढतींची यादी, भरायचं असतं, आठ दिवस आधी कोणीतरी माघार घेतो आणि चिपळूणच्या नाहीतर कुडाळच्या पोराला फोन जातो. तो हो म्हणतो, तयारी नसताना उतरतो आणि हरतो. ती हार टॅपोलॉजी आणि शेरडॉग या लढतींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर कायमची राहते. पुढचा प्रत्येक मॅचमेकर, म्हणजे जोड्या लावणारा, आधी तेच पान उघडतो.

अ‍ॅमॅच्युअर, म्हणजे हौशी, लढतीतली हार व्यावसायिक रेकॉर्डमध्ये धरत नाहीत. त्यामुळे निदान आठ-दहा अ‍ॅमॅच्युअर लढती होईस्तोवर प्रो व्हायचा विषय काढू नये, हे आमचं स्पष्ट मत. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या आयएमएमएएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत ३ मिनिटांच्या ३ फेऱ्या असतात, नडगीला पॅड बांधायचे असतात आणि कोपर मारायला बंदी असते. व्यावसायिक लढतीत ५ मिनिटांच्या ३ फेऱ्या, विजेतेपदासाठी ५, मध्ये १ मिनिट विश्रांती, हातात ४ औंसांचे ग्लोव्ह्ज आणि कोपर खुला. अ‍ॅमॅच्युअरमध्ये चालून गेलेली चूक इथे भुवई फाडून जाते.

कबड्डी आणि तालीम: काय ठेवायचं, काय सोडायचं

कोकणात गावोगाव कबड्डी आहे आणि तो पाया चांगला आहे. चढाई करणाऱ्याला अंतराचा अंदाज असतो, खाली वाकून पटकन आत-बाहेर करता येतं. कोपरारक्षकाला पाय हेरायची नजर असते. सोडायची सवय एकच: मान खाली घालून घोट्यावर झेप. कबड्डीत मागून साखळी येते. इथे मागून कोणी येत नाही, समोरून गुडघा येतो.

पाडण्याचं तंत्र नीट शिकायचं तर घाट चढा. रत्नागिरीहून आंबा घाटाने, वैभववाडीकडून करूळ घाटाने, सावंतवाडीहून आंबोलीमार्गे कोल्हापूर गाठता येतं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींच्या या शहरात दोन-तीन महिने काढले तर जे मिळतं, ते व्हिडिओ बघून वर्षभरात मिळत नाही. वस्तादांना आधीच सांगा की एमएमएसाठी शिकायचं आहे. बरेचसे वस्ताद हसतात, पण शिकवतात.

सगळ्यात उपयोगी डाव एकेरी पट. समोरच्याचा पुढचा पाय धरायचा, पण नुसता हात लांबवून नाही. आधी जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाका, म्हणजे त्याचे हात वर जातात. मग गुडघ्यात वाका. कमरेत वाकलात तर पाठ गोल होते आणि ताकद जाते. पुढचं पाऊल त्याच्या दोन पायांच्या मध्ये टाका. डोकं आतल्या बाजूला, कान त्याच्या छातीला घट्ट चिकटलेला, नजर वर. दोन्ही हात गुडघ्याच्या मागे बांधा, त्याचा पाय आपल्या मांड्यांत दाबून धरा आणि मागे चालत त्याला गोल फिरवा. डोकं बाहेर राहिलं आणि मान लांबली, की त्याचा हात गळ्याभोवती येतो आणि गिलोटिन, म्हणजे समोरून गळा आवळायचा डाव, बसतं. बसलंच, तर आधी दोन्ही हातांनी त्याचं मनगट खाली खेचा. मान ज्या काखेत अडकली आहे त्याच्या उलट बाजूला चालत जा. त्याच बाजूला पडलात तर गळा आणखी आवळतो. यूएफसी या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या अमेरिकी संस्थेशी करारबद्ध झालेला पहिला भारतीय भरत खंडारे हा मूळचा कुस्तीचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला त्याची पहिली लढत पहिल्याच फेरीत गिलोटिननेच संपली. गिलोटिनमधून सुटायचा सराव रोज करा, आठवड्यातून एकदा नव्हे.

कुस्तीतली दुसरी सवय जास्त घातक. चितपट होऊ नये म्हणून मल्ल खाली गेला की पोटावर वळतो. एमएमएत पाठ टेकल्याने कोणी हरत नाही, पाठ दिल्याने हरतो. पोटावर वळलात की समोरचा पाठीवर चढतो, पाय कमरेला अडकवतो आणि मागून गळा धरतो. ही सवय मोडायला सहा महिने लागतात. तोवर जिउ-जित्सूचा गार्ड (पाठीवर पडून पायांनी समोरच्याला अडवणं) आणि कुशीवर वळून उठणं, एवढंच घोटा.

लढत जाळीच्या पिंजऱ्यात होते, आणि गावात पिंजरा नसतो. भिंतीला छातीच्या उंचीपर्यंत मॅट ठोकली की जाळीची कुस्ती शिकता येते: पाठ टेकलेली असताना समोरच्याच्या काखेत हात घालणं, कंबर फिरवून बाहेर पडणं. या सरावाशिवाय पिंजऱ्यात उतरलेला चांगला मल्लसुद्धा पाच मिनिटं जाळीला चिकटून राहतो आणि गुण गमावतो.

आठवडा कसा लावायचा

नोकरी किंवा धंदा सांभाळून पाच दिवस पुरतात: दोन दिवस ग्रॅपलिंग (पकडी आणि जमिनीवरची झुंज), दोन दिवस बॉक्सिंग-किक, एक दिवस सगळं एकत्र, आणि त्यातच दोनदा वजनं उचलणं. पूर्ण ताकदीचं स्पारिंग (जोडीदाराबरोबर सरावाची लढत) आठवड्यातून एकदाच, १६ औंसांचे ग्लोव्ह्ज घालून. दंतरक्षक दंतवैद्याकडून मापाने करून घ्या. गरम पाण्यात मऊ करून बसवायचा स्वस्तातला सैल होतो आणि नेमका ठोसा बसताना निसटतो.

डोक्याला मार लागून गरगरलं, उलटी झाली किंवा आधीचं आठवेनासं झालं, तर त्या दिवशीचा सराव तिथेच बंद. अमेरिकेत राज्यांचे क्रीडा आयोग नॉकआउटनंतर सक्तीची वैद्यकीय विश्रांती लावतात, साधारण ३० ते ६० दिवस आणि गरज पडली तर जास्त. आपल्याकडे असा सरकारी आयोग नाही, त्यामुळे हा नियम स्वतःच पाळावा लागतो. दोन महिने डोक्याला धक्का नको म्हणजे नको, मग पुढची लढत कितीही चांगली मिळो.

धावायला समुद्र आहेच. ओहोटीला पाण्यालगतची भिजलेली कडक वाळू निवडा. वरची मऊ वाळू पोटरी आणि टाचेच्या शिरेवर भार टाकते, तिथे दहा मिनिटांच्या वर नको. किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने धावलात तर एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. म्हणून जितकं जाल तितकंच परत या. ओहोटी रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्याप्रमाणे धावण्याची वेळ बदलावी लागते.

लढतीआधीचा आठ आठवड्यांचा कॅम्प गणपती किंवा शिमग्यावर येऊ देऊ नका. पार्टनर मिळणार नाहीत, आणि समोर मोदक असतील. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या उचलायचं काम असेल, तर त्या दिवसांत वजनं उचलणं बंद ठेवा. कमरेला दोन्ही झेपत नाही.

कातडी

दमट हवेमुळे इथले कितीतरी खेळाडू मारापेक्षा नायट्याने जास्त दिवस बसतात. लढतीआधी डॉक्टर कातडी बघतात आणि ताजा नायटा किंवा पू झालेला फोड दिसला तर लढत रद्द करू शकतात.

मॅट रोज सरावानंतर पुसा. आधी साबणाच्या पाण्याने, मग ब्लीचने: साधारण ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १ लिटर पाण्यात १० मिली. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग पुसून कोरडं करा. घाम तसाच असताना ब्लीच मारलं तर त्याचा जोर घामातच संपतो. पावसाळ्यात जमिनीला ओल येते आणि कोड्यासारख्या जोडायच्या मॅटच्या सांध्यांतून पाणी खाली जाऊन बुरशी धरते. खाली जाड प्लास्टिक अंथरा आणि आठवड्यातून एकदा मॅट उचलून उभ्या करा. ग्लोव्ह्जमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात चामडं तडकतं.

नायटा आला तर मेडिकलवाल्याने दिलेली मिश्र ट्यूब लावू नका. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, कड फिकी पडते, पण बुरशी आत पसरते आणि मग महिनोन्महिने जात नाही. नुसतं बुरशीचं औषध, त्वचारोगतज्ज्ञ सांगतील तितके आठवडे, डाग दिसेनासा झाल्यावरही.

वजन

गट ठरलेले आहेत: फ्लायवेट ५६.७ किलो, बँटमवेट ६१.२, फेदरवेट ६५.८, लाइटवेट ७०.३, वेल्टरवेट ७७.१ आणि त्यापुढे. वन चॅम्पियनशिप या आशियाई संस्थेत नावं तीच पण वजनं वेगळी, त्यांचं फ्लायवेट म्हणजे ६१.२. करारात गटाचं नाव नव्हे, किलोचा आकडा बघा.

अ‍ॅमॅच्युअरमध्ये पाणी तोडून, म्हणजे शरीरातलं पाणी घटवून, वजन उतरवूच नका. बऱ्याच स्पर्धांत वजन लढतीच्याच दिवशी सकाळी होतं, भरून काढायला वेळच नसतो. व्यावसायिक लढतीत वजन साधारण एक दिवस आधी होतं. तिथे रोजचं वजन ६६ असलेल्याने ६१.२ गाठायचं तर हिशोब असा: आठ आठवड्यांत खाण्यातून ६३.३ पर्यंत, म्हणजे आठवड्याला साधारण ३५० ग्रॅम. शेवटच्या आठवड्यात भात आणि चोथा कमी करून ६२ च्या आसपास, कारण स्नायूंत साठलेल्या साखरेबरोबर पाणीही उतरतं. उरलेले ८०० ग्रॅम शेवटच्या दिवशी घामातून. रोजचं वजन ७० असेल तर ६१.२ हा तुमचा गट नाही, आणि ते कॅम्पच्या पहिल्या दिवशीच मान्य करा.

मे महिन्यात प्लास्टिकचा सूट घालून पळणं ही इथली सगळ्यात धोक्याची चूक. शरीर थंड होतं ते घाम सुकल्याने, नुसता गळल्याने नव्हे, आणि या हवेत तो सुकत नाही. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोक जाऊ लागला, चिडचिडा झाला तर घाम थांबायची वाट बघू नका. टाकीत किंवा हौदात गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवा, डोकं धरून ठेवा, रुग्णवाहिका बोलवा. आधी थंड करायचं, मग हलवायचं. डिसेंबर २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिपच्या लढतीसाठी वजन उतरवताना यांग जियान बिंग हा चिनी खेळाडू दगावला. त्यानंतर त्या संस्थेने पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी घातली आणि लघवीची तपासणी सुरू केली.

लघवीची गोळी घेऊ नका. अशी गोळी, म्हणजे डाययुरेटिक, वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत कायम बंद आहे. वजन झाल्यावर ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन सलाईन लावून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे, तीही नियमात बसत नाही. रुग्णालयातले उपचार सोडले तर १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त शिरेतून घेता येत नाही, आणि सलाईनची साधी बाटली ५०० मिलीची असते.

वजन झालं की ओआरएस: एक लिटरचं पाकीट एकाच लिटर पाण्यात, तासाभरात घोट घोट करत. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. नुसत्या शहाळ्यावर राहायचं असेल तर लिटरला अर्धा चमचा मीठ. मग उकड्या तांदळाची मऊ पेज, मीठ घालून. गेलेल्या वजनाच्या दीडपट पाणी झोपेपर्यंत पोटात गेलं पाहिजे. नारळाच्या रसातली सोलकढी स्निग्ध असते, जड पडते. वडे-सागोती लढतीनंतर.

एरवीच्या दिवसांत किलोमागे १.६ ते २ ग्रॅम प्रथिनं धरा. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे १९-२० ग्रॅम, एका अंड्यात ६. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा अंडी, चणे आणि कुळीथ यांवर भर द्या. सुकट-बोंबील सरावाच्या दिवसांत चालतील, शेवटच्या आठवड्यात नको; मीठ पाणी धरून ठेवतं.

कुठे खेळायचं आणि सही कशावर

भारतात २०१९ पासून मॅट्रिक्स फाइट नाइट ही व्यावसायिक लढतींची मालिका आहे. बाहेर जायचा आशियातला ठळक रस्ता म्हणजे २०२२ मध्ये सुरू झालेली रोड टू यूएफसी ही बाद पद्धतीची स्पर्धा. उत्तराखंडच्या अंशुल जुबलीने फेब्रुवारी २०२३ मध्ये तिचा लाइटवेट गट जिंकून करार मिळवला, तेव्हा तो एकही लढत हरलेला नव्हता. जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय ठरली. गावात राहून इथवर कोणी पोचत नाही. अ‍ॅमॅच्युअर लढती संपत आल्या की मुंबई, पुणे किंवा बंगळुरूला सरकावं लागतं. सुरुवातीचं मानधन प्रवास आणि तपासण्यांतच जातं, तेव्हा शिकवणी किंवा दुसरं काम हाताशी ठेवूनच निघा.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या रक्ततपासण्या लागतातच. औषधाने डोळ्यांची बाहुली मोठी करून केलेली तपासणी आणि मेंदूचा एमआरआयही मोठ्या ठिकाणी मागतात. किती दिवसांपूर्वीचा रिपोर्ट चालेल ते आयोजकाकडून लेखी घ्या, नाहीतर तोच खर्च दोनदा होतो.

करारात आधी बघायचं ते बांधिलकीचं कलम: किती लढती, किती महिने, आणि त्या काळात त्यांनी लढत दिलीच नाही तर तुम्ही मोकळे होता का? मग पैशांचे दोन भाग, उतरल्याचे आणि जिंकल्याचे. वजन चुकलं तर मानधनाचा साधारण २० ते ३० टक्के भाग समोरच्याला जातो. तो आकडा आणि एक पौंडाची सूट आहे की नाही, दोन्ही कागदावर हवेत. कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षकाचं तिकीट कोण काढणार आणि लढतीत हाड मोडलं तर शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, हे तोंडी ठरवू नका. मॅनेजर १० ते २० टक्के घेतो. तो मानधनावर घेतो की प्रायोजकाच्या पैशांवरही, ते विचारा. समोरचा वजनाच्या दिवशी आलाच नाही तर उतरल्याचे पैसे मिळतील, असं वाक्य करारात नसेल तर घालून घ्या, आणि सही केलेली प्रत हातात पडल्याशिवाय मुंबईची गाडी पकडू नका.